प्लेट मारून टाका!

दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा. त्यावर गॅसकेट ठेवून खडूने आखलेली आणि मग कापलेली कड, दोन टोकांना बोल्टची भोकं, आणि मधे जिथं मोठं भोक असायला हवं तिथं नुसता कोरा पत्रा. भोसरीतल्या एका गॅरेजात असे वेगवेगळ्या गाड्यांच्या मापाचे तुकडे तारेत ओवून खिळ्याला टांगलेले होते. डिझेल इंजिनाच्या ईजीआर व्हॉल्व्हच्या तोंडाशी यातला एक बसवला, की एक्झॉस्टमधून इंजिनात परत येणारी वाट कायमची बंद होते. काम तासाभराचं, आणि पत्र्याची किंमत ती काय! पिकअप नाही, काळा धूर मारते, चेक लाइट जात नाही, अशी रड घेऊन गाडी येते. मिस्त्री नव्या व्हॉल्व्हचा भाव सांगतो आणि तो ऐकून मालकच म्हणतो, "उस्ताद, प्लेट मारून टाका ना."

पुणे-पिंपरी-चिंचवड हा पट्टा गाड्या जोडण्यासाठी देशभर ओळखला जातो. गाड्यांतून वस्तू काढण्यातही तो मागे नाही. काढायच्या वस्तू ठरलेल्या आहेत. एसीचा कॉम्प्रेसर आणि त्याच्या नळ्या, ईजीआर, सायलेन्सरच्या आधीचा कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नव्या डिझेल गाड्यांतला डीपीएफ, ट्रकवाल्यांच्या डोक्याला ताप झालेली, धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा. शिवाय पेट्रोल गाडीतला कोळशाचा काळा डबा. टाकीतली पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि नंतर इंजिनात जाळायला पाठवतो. तो काढून शक्ती वाढत नाही, मात्र उन्हात उभ्या गाडीपाशी पेट्रोलचा वास मारू लागतो. तरी तो काढणारे आहेत.

यातलं काही काढणं मूर्खपणाचं आहे, काही काढणं गुन्हा आहे आणि एखादी गोष्ट काढणं चक्क बरोबर आहे. अडचण एवढीच, की तिन्ही एकाच पान्याने निघतात.

आधी एसी. तो काढल्याने धुराचा कुठला नियम मोडत नाही, पण गैरसमज सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच आहेत. लहान गाडीचा कॉम्प्रेसर चालू असताना इंजिनाची साधारण तीन ते पाच अश्वशक्ती खातो. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचं. त्यातून एवढी गेली, की खंबाटकीच्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागायचाच. "घाट आला, एसी बंद कर" हे वाक्य महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने मागच्या सीटवर बसून ऐकलं आहे. त्यातूनच समज झाला, की एसी असणं म्हणजेच इंजिनावर ओझं.

प्रत्यक्षात बटण बंद केलं की कॉम्प्रेसरचा क्लच सुटतो आणि पुली आपल्या बेरिंगवर नुसती फिरत राहते. ती काढून हाती जवळजवळ काहीच लागत नाही. पुढची गोष्ट बऱ्याच मालकांच्या गावीही नसते. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तुम्ही ॲक्सिलरेटर पार तळाला दाबलात, की संगणक स्वतःच काही सेकंदांसाठी कॉम्प्रेसर सोडतो. ओव्हरटेक करताना तुम्हाला हवी असलेली शक्ती गाडी तुम्ही न मागता देत असते. मग एसी काढून मिळतं काय? गाडीच्या नाकावरचं पंधरा-वीस किलो वजन कमी होतं आणि रेडिएटरसमोरचा कंडेन्सर गेल्याने वारा जरा मोकळा लागतो. नाशिकला रॅली धावणाऱ्या किंवा ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सेकंदाच्या अंशासाठी झगडणाऱ्या गाडीला हे मोलाचं आहे. तिथं एसी काढणं शहाणपणाचंच. एकेकाळी रॅलीवाल्यांच्या लाडक्या असलेल्या एस्टीमच्या बॉनेटखाली एसीची जागा मोकळी दिसली, तर नवल वाटायचं कारण नव्हतं.

रोज हिंजवडीला जाणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. काही इंजिनांत एकच पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि कॉम्प्रेसर असा तिघांना फिरवतो. मधला गडी गेला की पट्ट्याची वाट बदलते. छोटा पट्टा कसाबसा बसवला आणि पंपाच्या पुलीला त्याची मिठी कमी पडली, तर तो सरकतो आणि गाडी भर ट्रॅफिकमध्ये तापते. त्या जागी बायपास पुली बसवणं हा खरा उपाय. तो करणारे मिस्त्री आहेत, आणि "चालतंय की" म्हणून सोडून देणारेही आहेत. दुसरा हिसका पावसाळ्यात बसतो. एसी हवा थंड करतो तशी कोरडीही करतो. जुलैत लोणावळ्याच्या धुक्यात चार माणसं बसलेल्या बंद गाडीची काच आतून पांढरी होते, तेव्हा फडकं घेऊन पुसत बसण्याखेरीज हातात काही राहत नाही. इकडे सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. ट्रकवाल्याच्या डोक्यावर एकदाचा एसी येत असताना मोटारवाल्याने तो उपटून काढावा, हे बघून गंमत वाटते.

पण एसी काढताना होणारं सगळ्यात मोठं नुकसान कुणाला दिसत नाही. नळीचा नट सैल केला की 'फुस्स' आवाज येतो. दहा-पंधरा सेकंदांत सगळा गॅस हवेत, आणि मग मिस्त्री निवांतपणे पुढचा बोल्ट खोलतो. तो गॅस बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू बंद केला. त्याच्या जागी आलेला १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात पक्का आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० किलोंच्या बरोबरीचा धरतात. गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो. म्हणजे तो एक 'फुस्स' ७१५ किलोंचा झाला. लिटरभर पेट्रोल जळून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने हे तीनशे लिटरहून जास्त पेट्रोल झालं. पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी तेवढ्यात पुणे-नागपूर-पुणे अशा तीन खेपा करून वर दौंडापर्यंत फिरून येईल. हा गॅस ओढून सिलिंडरमध्ये परत घेणारं मशीन असतं, मोठ्या वर्कशॉपात ते उभंही असतं. रस्त्यावरच्या गॅरेजात असतो तो भरायचा गेज आणि व्हॅक्यूम पंप. भरायचे पैसे मिळतात, काढून घ्यायचे कोण देणार?

हे काढाकाढीचं वेड मूळचं अमेरिकेचं, आणि तिथं त्याला कारणही होतं.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर अशी धुराची चादर पसरली, की जपान्यांनी विषारी वायू सोडला असं लोकांना वाटलं. युद्धाचे दिवस होते. खरा गुन्हेगार सापडायला पन्नासचं दशक उजाडावं लागलं. कॅलटेकमधले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या वासावर काम करत होते. त्याच हातोटीने त्यांनी शहराच्या हवेचा वास तपासला आणि दाखवून दिलं, की मोटारींतून निघणारं अर्धवट जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र आली की हा डोळे चुरचुरवणारा धूर तयार होतो. त्यानंतर एकेक भाग इंजिनाला चिकटत गेला. आधी क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. मग एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलून उरलेलं इंधन जाळणारा 'स्मॉग पंप', मग ईजीआर. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने दट्ट्या लावला आणि १९७५ च्या गाड्यांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घरोघरी पोचला.

त्याच सुमारास गाड्यांच्या शक्तीचे आकडे कोसळले. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं प्रचंड इंजिन १९७० साली कागदावर ४०० अश्वशक्तीचं होतं, १९७६ साली ते १९० वर आलं. लोकांनी बॉनेट उघडलं तर आत नळ्यांचं जंजाळ. खापर त्यांच्यावर फुटलं. मात्र १९७२ च्या सुमारास कंपन्यांनी मोजायची रीतच बदलली होती. आधी पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर न जोडता नागडं इंजिन मोजायचे, नंतर ते सगळं जोडून मोजू लागले. घसरणीतला बराच भाग या हिशेबाचा होता. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरवल्याचाही त्यात मोठा वाटा होता. व्हॅक्यूमच्या नळ्यांवर चालणाऱ्या त्या काळच्या गाड्या अडखळत चालायच्या, हेही खोटं नाही. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटर मस्टँगवाल्यांनी मात्र स्मॉग पंप आणि एसी काढणं हा जवळपास कुळाचारच करून टाकला. पंपाने खाल्लेली शक्ती नगण्य, पण बॉनेटखाली रिकामी जागा दिसली की माणसाला गाडी पळेल असं वाटतं. तेच व्हिडिओ आज आपल्याकडचं एकविशीतलं पोरगं मोबाइलवर बघतं आणि गॅरेजात येऊन "डीकॅट, स्टेज टू" म्हणतं.

अमेरिकेतला हा नाद आता छंद राहिलेला नाही. तिथल्या पर्यावरण खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेल्या अहवालात म्हटलं, की आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. त्या ट्रकांतून त्यांच्या आयुष्यभरात जादा निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडं ५ लाख ७० हजार टन. हवेच्या दृष्टीने याचा अर्थ रस्त्यावर नव्वद लाख जादा ट्रक आणून सोडण्यासारखा.

आता पुन्हा भोसरीकडे, त्या पत्र्याकडे. इंजिनाच्या स्वच्छ हवेत त्याचाच जळका वायू मुद्दाम कशाला मिसळायचा, हा मिस्त्रीचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिलिंडरमधली ज्वाला दीड हजार अंशांच्या पुढे गेली, की तोच ऑक्सिजनशी जमवून घेतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती फुप्फुसाला जाळतात, उन्हात ओझोन बनवतात आणि पुढे बारीक धूलिकणही तयार करतात. जळका वायू थोडा मिसळला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्वाला थंडावते, ही ऑक्साइडं कमी होतात. मोबदल्यात काजळी वाढते. डिझेल इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. नायट्रोजन दाबला की काजळी वर येते, काजळी दाबली की नायट्रोजन.

मिस्त्रीने एक मॅनिफोल्ड उघडून दाखवला. तोंड मुळात दोन बोटं सहज जातील एवढं, आता करंगळी जाईना. आत डांबरासारखा थर. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर वरचा भाग कोरडा, खवल्यांनी निघाला. आतला ओला होता आणि त्याला जळक्या तेलाचा वास. वाळलेली काजळी ईजीआरची, ओलावा इंजिन ऑइलच्या वाफेचा. म्हणजे एकट्या ईजीआरने हे होत नाही. टर्बोची सील गळत असेल, इंजेक्टर थेंब सोडत असेल, चुकीचं ऑइल भरलं असेल, गाडी रोज चार किलोमीटर जाऊन थंड होत असेल, तर थर असाच चढतो. प्लेट मारली की थर चढायचा थांबतो, इंजेक्टर मात्र गळतच राहतो. ताप मोजायचं थर्मामीटर फेकून देऊन ताप गेला म्हणण्यातला हा प्रकार.

आणि ती 'मोकळी' झालेली गाडी? बहुतेक डिझेल इंजिनांत पूर्ण लोडवर संगणक ईजीआर आपणहून बंद ठेवतो. एसीसारखंच. त्यामुळे पत्र्याने इंजिनाची कमाल शक्ती वाढत नाही. काजळीने उघडाच अडकलेला व्हॉल्व्ह बंद झाला, म्हणून गाडी पुन्हा ओढू लागते. तो साफ केला असता तरी ओढलीच असती.

डीपीएफवाल्यांबद्दल मात्र मला सहानुभूती आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि डिझेल मोटारींना काजळी धरणारा हा चिनीमातीचा फिल्टर जोडला गेला. अडकलेली काजळी सुमारे सहाशे अंशांवर जाळून तो स्वतःला साफ करतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगात पळावी लागते. कर्वे रोड ते डेक्कन एवढीच धाव असलेल्या गाडीला ते नशिबात नाही. शोरूममध्ये "रोज किती चालवता?" एवढं विचारून "मग साहेब, पेट्रोल घ्या" म्हणणारा विक्रेता विरळाच. पुढे फिल्टर तुंबतो आणि नव्याचं बिल काही गाड्यांत लाखाच्या घरात जातं. त्या माणसाला गॅरेजवाला देवासारखा भेटतो. त्या फिल्टरची जाळी फोडून डबा परत वेल्ड केला, की खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. मागून मात्र काजळी थेट मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर.

कॅटकॉनची तऱ्हा निराळी. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, तेव्हा शिसं नसलेलं पेट्रोल सगळीकडे मिळतही नव्हतं. देशभर ते २००० साली आलं. शिशाने आतली प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमची झिलई कायमची मरते. पोळ्यासारख्या त्या चिनीमातीच्या ठोकळ्यात हे धातू काही ग्रॅमच असतात, पण मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा औंस २९ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्याच सुमारास गुजरात-महाराष्ट्रात मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जाऊ लागले. चोराला जी किंमत कळली, ती मालकाला कळत नाही. तो स्वतःहून काढायला पैसे देतो आणि जुना डबा गॅरेजातच सोडून येतो. तिथून भंगारवाला तो रोख पैसे मोजून नेतो.

आता या लेखाचं मूळ गाऱ्हाणं. हे सगळं पकडणार कोण? पीयूसी. पेट्रोल गाडीच्या मागच्या नळीत सळई घालून उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ पासून ती मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात. बस. नायट्रोजनची ऑक्साइडं दोन्हींत मोजलीच जात नाहीत. आता पत्र्याचं गणित पुन्हा मांडून बघा. प्लेट मारली की काजळी कमी होते आणि नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. म्हणजे ज्या गाडीने जास्त घाण केली, ती पीयूसीत आधीपेक्षा चांगल्या गुणांनी पास! मिस्त्री ते प्रमाणपत्र अभिमानाने दाखवतो, आणि त्यात काडीचाही खोटेपणा नसतो.

याच शहरात कोथरूडला वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था उभी आहे. नव्या मॉडेलची गाडी तिथल्या रोलरवर ठरलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे चालवतात, तिचा धूर पिशव्यांत भरून घेतात आणि मिलिग्रॅममध्ये तोलतात. बीएस-४ च्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडं चालत होती, बीएस-६ ला फक्त ८०. हा फरक पाडायला कंपन्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. टेकडीवर असा मिलिग्रॅमचा काटा लावायचा आणि टेकडी उतरली की पौड रोडवरच्या पीयूसीच्या खोक्यात त्याच वायूसाठी साधा रकानाही ठेवायचा नाही!

गॅरेजवाल्यांकडे याला बिनतोड जबाब आहे, "मोठ्या कंपन्यांनी काय दिवे लावले?" तो खोडता येत नाही. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. तपासणीच्या गाड्यांत आधीच पारखून ठेवलेली इंजिनं बसवली जात होती, असं कंपनीच्याच चौकशीत निघालं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर उघडं पडलं. एआरएआयने रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांत इथल्या गाड्याही मर्यादेबाहेर निघाल्या आणि कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला बोलवाव्या लागल्या. मार्च २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. पण कंपनीने संगणकाकरवी केलेली लबाडी भोसरीत पत्र्याने केली म्हणून ती स्वस्तात सुटावी, असंही नाही.

कायदा कमी पडतो म्हणावं, तर तसं नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आपल्याकडे हे कलम लागतं ते बुलेटच्या फटफट सायलेन्सरला, कारण तो चौकातल्या हवालदाराला ऐकू येतो. ईजीआरचा पत्रा ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही.

तो दिसेल असा उपाय अवघड नाही. उभ्या गाडीची नायट्रोजन ऑक्साइडं मोजून उपयोग नाही, कारण ती लोडवर तयार होतात. कॅलिफोर्नियाने १९९८ पासून गाडी रोलरवर चढवून ती मोजली. आता तिथं २००० सालापासूनच्या गाड्यांना ओबीडीच्या सॉकेटात वायर घालून संगणकालाच विचारतात, आणि बॉनेट उघडून कुठला भाग गायब आहे ते डोळ्यांनी बघतात. रोलर महाग आहेत, मान्य. पण आपल्या गाड्यांत स्टीअरिंगखाली तेच सॉकेट आहे आणि गल्लीतल्या मिस्त्रीकडेही स्कॅनर आहे. परिवहन खात्याने पीयूसीच्या फॉर्मात दोन रकाने वाढवावेत. एक स्कॅनरचा, दुसरा बॉनेटखाली काय जागेवर आहे याचा. तोवर मालकांनी एवढं करावं. प्लेट मारायच्या आधी व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड साफ करून, इंजेक्टर तपासून बघावेत. एसी काढायचाच असेल, तर गॅस मशीनने ओढून घेणाऱ्याकडेच जावं. आणि कॅटकॉन बदलावा लागला, तर जुना डबा गॅरेजात सोडू नये, मागून घ्यावा.